चेहऱ्यातल्या खोल्या

अंबडला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते, त्या सरांनी मला एकदाही "कशी आहेस?" असं विचारलं नाही. सकाळी मी जिना उतरून अंगणात आले की बाजेवर बसल्या बसल्या ते विचारायचे, "आज कोन्ती चालू हाये?"

मी कोर्टात नव्याने लागलेली कारकून. पहिल्या दिवशी वाटलं, कोणती केस चालू आहे ते विचारतायत. "बांधाची," मी म्हणाले. स्वतःच्या नाकावर बोट ठेवून सरांनी शांतपणे विचारलं, "डावी का उजवी?"

माणसाच्या दोन्ही नाकपुड्या एकदम सारख्या चालत नाहीत, एक कामावर असली की दुसरी आराम करते आणि काही तासांनी पाळी बदलते, हे मला त्या सकाळी कळलं. तोवर मी आपली बिनघोर श्वास घेत आले होते. सरांकडे मात्र सगळ्या गल्लीची खबर असायची. दूधवाल्याची सकाळी डावी, पोस्टमनची बहुतेक उजवी. स्वतःचं विचारलं तर म्हणायचे, "माझ्या इथं दोघींचा संप हाये. हाड वाढलंय." आणि हे ते अशा थाटात सांगायचे, जणू मुलगा कलेक्टर झालाय.

सर चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त झालेले. अंगणाच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने पुरुषभर उंचीचा चेहरा काढला होता, मधोमध कापलेला. कपाळात, गालांत, नाकाच्या मागे पोकळ्या, आणि त्या सगळ्या फिकट गुलाबी. पोस्टमनला तो मराठवाड्याचा नकाशा वाटायचा. गल्लीत नव्याने आलेली एक सून येता-जाता त्याला हात जोडायची. सरांनी दोघांनाही कधी दुरुस्त केलं नाही. "बघून तर राह्यलेत," एवढंच म्हणायचे.

संध्याकाळी ऊन कलतं झालं की त्या भिंतीवरचा गुलाबी रंग जरा वेळ उजळायचा. चेहऱ्याच्या आत कुणी दिवे लावलेत असं वाटायचं. मी कामावरून येऊन पायरीवर बसायचे आणि त्या खोल्यांकडे बघता बघता माझा चहा निवून जायचा.

सरांशी माझी खरी ओळख झाली ती दातामुळे. कापसाचे दिवस होते, हवेत धूळ आणि तूस. मला सर्दी झाली, ती आठवडाभर रेंगाळली आणि मग वरची एक दाढ ठणकायला लागली. दाढ काढूनच टाकते म्हणून मी दवाखान्याला निघाले तर सरांनी अंगणात अडवलं.

"वाक जरा. खाली पडलेली चप्पल उचल्ल्यावानी."

मी वाकले. गाल आणि कपाळ इतकं जड झालं की डोकं वर करताना डोळ्यांत पाणी आलं.

"जड झालं?"

"हो."

"मंग दाताचा काय कसूर? दाताच्या वरच्या खोलीत पानी तुंबलंय." मला भिंतीपाशी नेऊन त्यांनी छडी गालावर टेकवली, भिंतीवरच्या. "ही बघ तुही खोली. रिकामी असती, नुसती हवा. हिचं दार हे एवढंसं, आन ते उघडतं नाकात. सर्दीनं दार सुजलं की आतलं पानी आतच. हवा न्हाई, वारा न्हाई. मंग कुबट वास, पिवळा शेंबूड, ठनका. भाडेकरू ठिवला आन दार बाहेरून लावलं तर तो काय भजन म्हनंल?"

दाढ वाचली. त्याऐवजी संध्याकाळी मी सरांच्या वाफेच्या बैठकीत दाखल झाले.

ही बैठक म्हणजे अंगणात तीन पाट, तीन पातेली, तीन पंचे. एक सरांचं, एक माझं, एक शेजारच्या मावशींचं. मावशी मोसंबीच्या बागांत मजुरीने जायच्या. त्यांना नाकाची कसलीच तक्रार नव्हती, पण गप्पा त्या पंचाखालीच चांगल्या होतात असं त्यांचं मत. पाणी उकळून आधी चुलीवरून उतरवायचं, पातेलं घमेल्यात पक्कं बसवायचं, तोंड हातभर वर धरायचं. यात सर कडक. "वाफ घ्यायची हाये, चेहरा शिजवायचा न्हाई." वाफ झाली की मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. ते पाणी उकळून गार केलेलंच हवं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाचं, टाकीत साठवलेलं पाणी सर नाकाच्या वाऱ्यालाही उभं करायचे नाहीत. नाक जोरात शिंकरलं तर ओरडायचे. मेडिकलवरून आपल्या मनाने गोळ्यांची पट्टी आणली तर दोन दिवस बोलायचे नाहीत.

पंचाखालचं जग मला अजून आठवतं. बाहेर दिवस मावळतोय, गल्लीतल्या कुकरच्या शिट्ट्या, लांबून एसटीचा हॉर्न, आणि आपण एका ओल्या, उबदार, पांढऱ्या अंधारात. कुणाचा चेहरा कुणाला दिसत नाही. आवाज तेवढे इकडून तिकडे जातात. कोण बोललं हे कळायचं, पण बोलणं कुठून आलं हे कळायचं नाही. तिथे मी माझ्या लग्नाचं जमत नसल्याचं सांगितलं, मावशींनी त्यांच्या दारू पिणाऱ्या जावयाचं. सर म्हणायचे, "पंचाखाली मानूस खोटं बोलत न्हाई. तोंडाला वाफ लागली की आतलं सुटतं." यातलं शास्त्र किती ते मला माहीत नाही, पण खोटं मीही बोलले नाही.

सर स्वतः एकदा ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथे सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं बघा. "श्वास बघा म्हने," सर पंचाखालून कुरकुरले. "आधी येऊ तं द्या." मावशी हसता हसता पातेल्यात पडायच्या बाकी होत्या.

फाल्गुनात अंबडच्या आसपासच्या बागा फुलायच्या. मोसंबीच्या फुलांचा वास संध्याकाळी गावात उतरायचा आणि रात्रभर कपड्यांत राहायचा. अशाच एका संध्याकाळी सरांनी पंचाखालून विचारलं, "बहार फुटला का गं?"

"फुटला की, सर," मावशी म्हणाल्या. "येत न्हाई का वास?"

"येतो. पन तू सांग, कसा हाये?"

मावशींनी पंचा वर करून हवा ओढून घेतली. मग म्हणाल्या, "न्हाऊ घातलेल्या लेकरावानी."

"बराबर," सर म्हणाले. मला वाटलं, जुना मास्तर, उत्तर माहीत असूनही वर्गाकडून काढून घेतोय.

सरांच्या बायको मी तिथे राहायला जायच्या कितीतरी आधी गेल्या होत्या. त्या होत्या तेव्हा बुद्धपौर्णिमेला सगळ्या गल्लीची खीर त्यांच्या हातची असायची. त्यांची एक रीत होती. बुद्धाच्या फोटोपुढे वाटी ठेवेपर्यंत खीर कुणी चाखायची नाही, करणाऱ्याने तर नाहीच. गोड किती, शिजली किती, उतरवायची कधी, सगळं वासावर. त्या गेल्यावर सरांनी खीर स्वतःकडे घेतली आणि रीत तशीच ठेवली. मोठ्या पातेल्यावर ते डोळे मिटून उभे राहायचे, नाक पुढे करून. ढवळायचेसुद्धा नाहीत. "ढवळलं की वास मोडतो."

माझ्या पहिल्या पौर्णिमेला मी बघितलं, खीर खाली धरली होती. करपट वास अंगणभर पसरलेला आणि सर डोळे मिटून, चेहऱ्यावर ओळखीचं हसू घेऊन उभे. "अजून थोडी," म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशींनी माझा दंड दाबला.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. वाटी फोटोपुढे गेली. सर माणसांबरोबर आत वंदना म्हणायला बसले. वाटप मावशींच्या ओट्यावरून व्हायचं, कारण तो रुंद. सरांचं पातेलं उचलून मावशींच्या घरात गेलं आणि मावशींच्या घरातून दुसरं पातेलं ओट्यावर आलं. तसंच, तेवढंच, आणि आत दुपारीच शिजवलेली, वेलदोड्याचा घमघमाट सुटलेली खीर. मग सर बाहेर आले, वाटी घेतली, पहिला घोट घेऊन म्हणाले, "हिच्या हातासारखी न्हाई, पन जमली."

"जमली, सर," सगळी गल्ली म्हणाली. त्यात बायका होत्या, पुरुष होते, न्याहारीपासून उपाशी असल्यासारखा खाणारा पोस्टमन होता. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सकाळी मावशींनी सरांचं पातेलं लख्ख घासून परत दिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांची बाई गेल्यापासून असंच चालू हाये. मानसाला एक गोष्ट ऱ्हाऊ द्यावी, पोरी."

पुढच्या वर्षी नेमक्या पौर्णिमेला मावशींच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि त्या भोकरदनला गेल्या. त्या आठच दिवस आधी गेलेल्या, घाईत, आणि पातेल्याची जबाबदारी कुणाकडे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. सरांनी खीर केली. गल्लीने ती खाल्ली. "जमली, सर," सगळे म्हणाले, नेहमीसारखंच, फक्त दुसरी वाटी कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी पातेलं घासायला मावशी नव्हत्या, म्हणून ते सरांनी स्वतः घेतलं. मी कोर्टात जायला खाली उतरले तेव्हा ते न्हाणीच्या दगडावर बसले होते. पातेलं आडवं, आणि त्यांचा हात आत, काळ्या ठिक्कर बुडावर. नखाने त्यांनी ते थोडंसं खरवडलं, नाकाशी नेलं, मग जिभेवर ठेवलं.

"हे किती वर्षांपासून?" त्यांनी विचारलं.

मी शेवटच्या पायरीवर बसले. सर म्हणाले, "वास घेतो असं वाटत होतं. मी नुसता आठवत होतो गं." त्या दिवसापासून त्यांनी मला सकाळचा तो प्रश्न विचारणं बंद केलं.

मला त्यांची फार दया आली आणि रागही आला. कारण त्यानंतर त्या शहाण्या माणसाने भिंतीपाशी शिकवलेलं सगळं शास्त्र सोडून दिलं. वास परत आणायचाच म्हणून दिवसातून चार वेळा वाफ, तीही चुलीवरच्या पातेल्यावर वाकून. नाक मोकळं करायचे थेंब, जे चार-पाच दिवसांवर घेऊ नका असं ते स्वतः लोकांना सांगायचे, ते महिनाभर. कुणी सांगितलं म्हणून नाकात मोहरीचं तेल. पाणी उकळायचा धीर राहिला नाही, तर टाकीतलंच नाकात. घरात पडलेल्या कुठल्या कुठल्या उरल्यासुरल्या गोळ्या. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "ते ऑपरेशन सांगतील. हाड कापलं की परत वाढतं, आख्खा तालुका सांगतो." मावशी परत आल्या, त्यांनी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. सर आपले भिंतीकडे तोंड करून बसायचे.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी ते पंचा घेऊन अंगणात आले आणि मी त्यांचा चेहरा बघितला. उजवी पापणी सुजून लाल झाली होती, डोळा जेमतेम उघडत होता. अंगात ताप होता, चालताना जिन्याचा कठडा धरायला गेले तर हात हवेतच राहिला. मी काही न बोलता माझं पातेलं आणलं, समोर बसले, पंचा डोक्यावर घेतला. मावशीही आल्या.

"सर, भिंतीपाशी उभं करून तुम्ही माझ्याकडून एक नियम पाठ करून घेतला होता. म्हणू का?"

पलीकडे सरांचा पंचा हलला.

"डोळ्यावर सूज आली, एकाची दोन दिसाया लागली, मान आखडली, का डोकं असं दुखलं की कधी दुखलं नव्हतं, तर पातेलं लाथाडायचं आन गाडी पकडायची. तव्हा वाफ न्हाई, काढा न्हाई." मी थांबले. "तुमच्यासमोर किती पातेली आहेत, सर?"

मावशींचं नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी नसताना.

"दोन दिसून राह्यलेत," सर म्हणाले. पंचाखाली माणूस खोटं बोलत नाही, हे त्या दिवशी मला पटलं.

मी उठले आणि त्यांचं पातेलं खरोखरच लाथेने उलटं केलं. रिक्षा, मग मिळेल ती जीप, आणि रात्र पडता पडता आम्ही जालन्यात होतो. नाक-कान-घशाच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी डोळा बघितला, बोटं हलवून बघितली, लगेच दाखल करून घेतलं. शिरेतून औषध सुरू झालं, स्कॅन झाला. "खोलीतला पू डोळ्याकडे सरकत होता," त्या म्हणाल्या. "उद्यावर टाकलं असतं तर नजरेचं काही सांगता आलं नसतं."

डोळ्याची सूज उतरल्यावर त्यांनी स्कॅनचा फोटो उजेडाला धरला. सर उशीला टेकून बघत राहिले. ती त्यांच्याच भिंतीवरची आकृती होती, फक्त काळी-पांढरी, आणि खोल्या भरलेल्या.

"हाड वाढलेलं नाही, सर. पडदा थोडा वाकडा आहे, तो बऱ्याच जणांचा असतो. पण आत हे कोंब आलेत, द्राक्षाच्या घडासारखे. त्यांनी दारं बंद केलीत. वास वर पोचणार कुठून?"

"हाड न्हाई?" सरांनी दोनदा विचारलं. आयुष्यभर जपलेलं हाड असं हातचं गेलेलं त्यांना बघवत नव्हतं. मग म्हणाले, "काढलं तर वास येईल?"

"येईल असं मी म्हणत नाही. येणार नाही असंही म्हणत नाही. कोंब परत येऊ शकतात, म्हणून नाक धुणं आणि फवारा कायम ठेवावा लागेल. पाणी उकळून गार केलेलं."

"ते मला नका सांगू," सर म्हणाले, आणि मग माझी नजर चुकवून पांघरूण सारखं करायला लागले.

दिवाळीनंतर दुर्बिणीने ऑपरेशन झालं. दोन्ही नाकपुड्या चालू झाल्या. सर पहिल्या दिवशी लहान मुलासारखे नुसता श्वास घेत बसले होते. वास मात्र आला नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी ते बाजेवर चार वाट्या मांडायचे. लवंग, मोसंबीची साल, कॉफी, निलगिरी. डोळे मिटून एकेक हुंगायचे. मी त्याला ओळख परेड म्हणायचे. "लवंग?" "साल आहे, सर." "ही कॉफी." "निलगिरी." ते मान हलवून वाट्यांची जागा बदलायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे. फाल्गुन आला, बागा फुलल्या, मावशी केसांत फुलं अडकवून घरी यायच्या. सरांनी या वेळी वास कसा आहे ते विचारलं नाही.

वैशाखी पौर्णिमेला खीर कोण करणार, हा विषय गल्लीत कुणी काढला नाही. आदल्या दिवशी सरांनीच मोठं पातेलं बाहेर काढलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं, मावशी उद्या दुपारी दुसरं पातेलं चढवणार.

चंद्र वर आला तेव्हा अंगणात गल्ली जमली होती. चुलीचा जाळ भिंतीवरच्या चेहऱ्यावर हलत होता आणि त्या खोल्यांमधून कुणी ये-जा करतंय असं दिसत होतं. सर पातेल्यावर उभे राहिले, डोळे मिटले. या वर्षी चेहऱ्यावर हसू नव्हतं. दूध उकळत होतं, तांदूळ फुलत होता. मी लांब श्वास घेऊन बघितला. मला नुसतं दूध आणि धूर. सगळे सरांच्या नाकाकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते.

"उतरवा," सर एकदम म्हणाले. "लागून राह्यलीय."

कुणी हललं नाही. मावशी हळूच म्हणाल्या, "न्हाई, सर. अजून वेळ हाये."

"मी म्हन्तो उतरवा. जल्दी."

दोघांनी फडकी धरून पातेलं उतरवलं. मावशींनी लांब पळी बुडापर्यंत नेऊन वर काढली. पळीच्या काठाला बदामी रंगाची पातळ खरवड आली होती. नुकतीच धरायला लागलेली.

वाटी फोटोपुढे गेली, वंदना झाली. सर बाहेर आले तर ओट्यावर त्यांचं पातेलं होतं, आणि त्याच्या शेजारी मावशींचं. तसंच, तेवढंच. ते मावशींनी स्वतःच आतून आणून उघड्यावर ठेवलं होतं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या उभ्या होत्या. "हे बी वाटा," एवढंच म्हणाल्या.

सरांनी एका पातेल्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. मग गल्लीकडे, एकेका चेहऱ्याकडे, आणि त्या सगळ्या वर्षांचा उलगडा त्यांना होताना मी बघितला. पोस्टमनने मान खाली घातली. सर मावशींच्या पातेल्यावर वाकले, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"वेलदोडे जास्त पडलेत," ते म्हणाले.

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि तिथेच ओट्यावर बसून रडायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या खिरीला पहिल्यांदाच कुणी नावं ठेवली होती. सरांनी त्यांच्यापुढे वाटी धरली, आपल्या पातेल्यातली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय गं, आज कोन्ती चालू हाये?"